टायमिंग बेल्टची गोष्ट (आणि चेनचीही)

मंडळी, यावेळचा विषय जरा तेलकट आहे, आधीच सांगून ठेवतो. गाडी घ्यायची म्हटलं की आपण मायलेज बघतो, सनरूफ आहे का बघतो, टचस्क्रीन किती इंचांचा ते बघतो. सेकंड हँड घ्यायची असेल तर टायर बघतो, मीटरवर किती किलोमीटर दिसतात ते बघतो आणि "सिंगल ओनर आहे ना?" असं विचारून मोकळे होतो. पण "इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की टायमिंग चेन?" हे विचारणारा माणूस मला आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अजून भेटायचा आहे. वास्तविक जुनी गाडी घेताना खिशाला सगळ्यात मोठं भोक पाडू शकणारा प्रश्न हाच. आणि त्याचं उत्तर आज असं का आहे, यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा मजेदार इतिहास आहे. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेला प्राणी (आमची जमात मोठी आहे), त्यामुळे शनिवार-रविवारी हे असलं काहीतरी वाचत बसतो.

तर आधी थोडं बेसिक. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि खालचा क्रँकशाफ्ट फिरवतो. हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात, ते उघडायचं काम कॅमशाफ्टचं. एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात आणि त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणजे क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे. दोनास एक, कायमचं. ३००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, मिटतो. ताशी ६० च्या वेगाला इंजिन २००० आरपीएमवर धरलं तर एका किलोमीटरला क्रँकचे २००० फेरे होतात. लाख किलोमीटरला वीस कोटी. या वीस कोटी फेऱ्यांत मेळ एकदाही चुकता कामा नये.

आणि चुकला तर? बऱ्याचशा आधुनिक इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर बहुतेक सगळ्याच, उघडा व्हॉल्व्ह जिथपर्यंत खाली येतो त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. जागा एकच, वापरणारे दोघं, वेळा वेगळ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन थ्रेड एकच मेमरी वापरतायत आणि मध्ये म्यूटेक्स-बिटेक्स काही नाही, सगळा कारभार निव्वळ टायमिंगवर. कोड रिव्ह्यूमध्ये असलं काही दिसलं तर आपण बोंब मारू. इंजिनवाले मात्र गेली कित्येक दशकं हेच प्रॉडक्शनमध्ये चालवतायत, आणि ते चालतंय ते एका पट्ट्याच्या किंवा साखळीच्या भरवशावर.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारीच असायचा. दोन गिअर एकमेकांत अडकवले की काम झालं. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी अशीच होती. आपली जुनी बुलेटसुद्धा गिअरवालीच. गिअर तुटत नाहीत, सैल होत नाहीत, पण रडतात. म्हणून काही कंपन्यांनी लोखंडाऐवजी फायबरचे गिअर लावून बघितले. तोवर मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड नावाच्या एका स्विस माणसाने साखळीचा प्रश्न सोडवून ठेवला होता. हा गडी १८७९ मध्ये तिथला एक छोटा साखळी-कारखाना विकत घेतो, १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतो (आपल्या सायकलला जी असते तीच) आणि १८९५ मध्ये दाते असलेली 'सायलेंट चेन' काढतो. पहिल्या महायुद्धाच्या आसपास मोटारींच्या इंजिनांत ही चेन रुळायला लागली. आवाज कमी, आणि गिअरसारखं दोन शाफ्ट चिकटून ठेवायचं बंधन नाही.

पण खरी पंचाईत झाली ती कॅमशाफ्ट वर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर न्यायचं ठरलं तेव्हा. वरच्या कॅममुळे इंजिन जास्त वेगाने फिरू शकतं, ताकद वाढते. मग क्रँक तळमजल्यावर आणि कॅम गच्चीवर. त्यांना जोडायचं कसं? लोकांनी काय काय केलंय! उभा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना तिरके गिअर. बेंटलीने १९२६ च्या साडेसहा लिटर इंजिनात तर रेल्वे इंजिनाच्या चाकांना असतात तसे तीन दांडे लावून वरचा कॅम फिरवला. हे सगळं महागडं, हातकामाचं, श्रीमंतांच्या गाड्यांपुरतं. १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये जॅग्वारने एक्सके १२० आणली, तिच्यात दोन कॅमशाफ्ट वर आणि त्यांना दोन टप्प्यांत चेन. चेन लांब झाली की ती फडफडते, म्हणून तिला बाजूने गाईड हवेत, ताणून धरायला टेन्शनर हवा, ऑइल हवं, ऑइल हवं म्हणून पुढे बंद पेटी हवी. सामान्य माणसाच्या गाडीत एवढा थाट परवडणारा नव्हता.

आता गंमत बघा. याचं उत्तर मोटार कारखान्यातून आलं नाही, ते आलं शिवणयंत्रातून. शिलाई मशीनमध्ये वरून सुई धागा घेऊन खाली येते आणि खालच्या बॉबिनच्या हुकाने त्या धाग्याचा फास नेमक्या क्षणी पकडायचा असतो. जरा मागेपुढे झालं की टाका सुटला. आईच्या किंवा आजीच्या मशीनवर लहानपणी हात मारलेल्यांना हे सांगायला नको. वरचा शाफ्ट आणि खालचा शाफ्ट यांचा मेळ, म्हणजे अगदी क्रँक-कॅमचाच प्रश्न. साधा पट्टा पुलीवर घसरतो, म्हणून इथे चालत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस या माणसाने सिंगरच्या शिलाई मशीनसाठी दाते असलेला रबरी पट्टा तयार केला. आतून न ताणली जाणारी दोरी, वरून रबर, आणि पुलीच्या खाचांत बसणारे दाते. चेनसारखा न घसरणारा, पट्ट्यासारखा मुका, आणि ऑइल नकोच. रेसिंगवाले लोक आजही अशा पट्ट्याला 'गिल्मर बेल्ट' म्हणतात.

हा पट्टा रोजच्या वापराच्या मोटारीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कोणी घातला? मर्सिडीजने नाही, फोर्डने नाही. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग नावाच्या गावातल्या हान्स ग्लास कंपनीने. ही मंडळी मुळात पेरणीची यंत्रं बनवणारी! युद्धानंतर त्यांनी स्कूटर काढली, मग १९५५ मध्ये गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी, आणि १९६१ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ग्लास १००४. ९९२ सीसीचं इंजिन, वर कॅमशाफ्ट आणि पुढे उघड्या हवेत दात्यांचा रबरी पट्टा. १९६२ पासून ती विकायला लागली. तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली असतील, इंजिनाच्या काळजातला भाग आणि तो रबराचा? पण छोट्या कंपनीला एक फायदा असतो, तिच्याकडे साखळीसाठी महागडी पेटी ओतायला पैसेच नसतात. (स्टार्टअपवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) पुढे १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ग्लास विकत घेतली. आज डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा युरोपातला सगळ्यात मोठा कारखाना आहे, पण ग्लासचं नाव जुन्या गाड्यांच्या शौकिनांशिवाय कोणाला आठवत नाही.

मोठ्यांना पटायला फार वेळ लागला नाही. १९६६ च्या मॉडेलसाठी अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकने सहा सिलिंडरच्या इंजिनाला बेल्ट लावला. हे जॉन डीलोरियनच्या काळातलं काम (हो, तोच, 'बॅक टू द फ्यूचर'मधल्या गाडीवाला). त्याच वर्षी इटलीत फियाटने १२४ स्पोर्टसाठी दोन कॅमशाफ्टचं इंजिन काढलं, त्याला बेल्ट. ते बनवणारा ऑरेलिओ लाम्प्रेदी आधी फेरारीची इंजिनं बनवायचा. म्हणजे जे तंत्र काल रेसच्या घोड्याला होतं ते आता शाळामास्तरच्या गाडीला परवडायला लागलं, आणि त्याला कारण एक रबरी पट्टा. १९६९ ला फियाट १२८ आली, १९७२ ला फोक्सवॅगन-ऑडीचं नवं इंजिन, १९७६ ला डिझेल गोल्फ. सगळ्यांना बेल्ट. माझ्या मते मोटारीच्या लोकशाहीकरणात या पट्ट्याचा वाटा त्याच्या किमतीच्या मानाने फारच मोठा आहे, आणि त्याचं श्रेय त्याला कोणी देत नाही.

असो. फुकट काहीच मिळत नाही. चेन झिजते, पण ती गाडीसोबत म्हातारी होते. रबराला मुदत असते. उन्हाने, उष्णतेने, ऑइलच्या शिंतोड्याने रबर कडक होतं, दाते मुळाशी चिरतात. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट निदान भेगा दाखवायचे. नंतर एचएनबीआर नावाचं जास्त टिकाऊ रबर आलं, आतली दोरी काचतंतूची झाली, दात्यांचा आकार चौकोनीऐवजी गोलसर झाला. बेल्टचं आयुष्य भरपूर वाढलं. पण नवा बेल्ट वरून चांगला दिसतो आणि आतून संपलेला असतो, त्यामुळे झाकण काढून "दिसतोय तर ठीक" म्हणण्यात फारसा अर्थ उरला नाही. म्हणून कंपनीने पुस्तकात लिहून दिलं: एवढे किलोमीटर किंवा एवढी वर्षं, जे आधी होईल ते. बेल्ट चांगला दिसो वा वाईट, बदला.

आता जरा आपल्याकडे येऊ. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, दोन्हींची इंजिनं जुन्या वळणाची. कॅम खाली, मधली चेन आखूड, व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड. त्या काळच्या गॅरेजात 'टायमिंग' म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्कचं टायमिंग लावणं. टायमिंग चेनचं नाव निघायचं ते इंजिन उतरवल्यावरच. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॅम डोक्यावर आणि टायमिंग बेल्ट. ग्लासने वीस वर्षांपूर्वी जर्मन मध्यमवर्गाला जे दिलं तेच सुझुकीने आपल्या मध्यमवर्गाला दिलं. त्यासोबत एक नवी सवयही लावायला हवी होती: चालत्या गाडीतला, काहीही तक्रार न करणारा भाग पैसे देऊन बदलायचा. आपली संस्कृती मात्र "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" ही. (आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरलाही हाच नियम लागू आहे.)

ही सवय सगळ्यात चांगली कोणाला लागली माहितीये? कॅबवाल्यांना. १९९८ च्या अखेरीस टाटा इंडिका आली आणि तिचं डिझेल इंजिनही बेल्टवालं. पुढे पुण्यात आयटी आणि कॉल सेंटरच्या कॅब म्हणून रात्रंदिवस इंडिका धावल्या. दिवसाला अडीचशे किलोमीटर धरले तर वर्षाला सहज पाऊण लाख होतात. म्हणजे घरच्या गाडीला जी मुदत पाच-सहा वर्षांनी येते ती कॅबला वर्षाच्या आत. नाईट शिफ्टला आम्हाला सोडणारे एक काका आधी अशीच गाडी चालवायचे. त्यांना मी एकदा बेल्ट-चेनबद्दल विचारलं, तर म्हणाले, "साहेब, चेनची गाडी असली की ती कटकट करून सांगती. बेल्ट नाय सांगत. त्याचं आपण वहीत लिहून ठेवायचं." आणि खरंच त्यांच्याकडे शंभर पानी वही होती, त्यात ऑइल, बेल्ट, क्लच, सगळ्याच्या तारखा आणि मीटरचं रीडिंग. माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या नोट्सपेक्षा ती वही जास्त उपयोगाची होती.

उलट उदाहरणही बघितलंय. आमच्या टीममधल्या एकाने एक डिझेल हॅचबॅक सेकंड हँड घेतली. कुठली ते सोडा. ८० हजारांच्या पुढे चाललेली, आतून चकाचक, सिंगल ओनर वगैरे वगैरे. तीन महिन्यांनी एक्सप्रेसवेवर खंडाळ्याच्या चढावर इंजिन बंद पडलं. आवाज नाही, धूर नाही, मीटर एकदम शून्यावर. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरतंय. हे 'हलकं फिरणं' फार वाईट लक्षण, कारण बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि कॉम्प्रेशन उरतच नाही. हेड खोललं तर व्हॉल्व्ह वाकलेले आणि पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे. बिल झालं गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आधीच्या मालकाने बेल्टची मुदत जवळ आल्यावरच गाडी विकली होती. त्यात बेकायदेशीर काही नाही हो, पण बेल्टचा खर्च टळला त्याचा आणि इंजिनाचा भुर्दंड पडला दुसऱ्याला.

मला वाटतं बेल्ट विरुद्ध चेन या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. कुठलं तंत्र 'भारी' यापेक्षा खर्च कोणाच्या वाट्याला आणि कधी येतो, हे इथे जास्त महत्त्वाचं. बेल्टमध्ये कारखान्याचे पैसे वाचतात आणि काही वर्षांनी मालकाला ते भरावे लागतात. पहिला मालक हुशार असला तर दुसऱ्याला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वारं पुन्हा फिरलं. कंपन्यांना 'मेंटेनन्स कमी' असं जाहिरातीत लिहायचं होतं, वॉरंटी लांबवायची होती, आणि पातळ, शांत चेन आता जमायला लागली होती. ऑइलच्या दाबावर चालणारं व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आलं, म्हणजे इंजिनाच्या त्या टोकाला ऑइल येणारच होतं, मग चेन का नको? टोयोटाने कोरोलाची नवी इंजिनं चेनवर नेली. २००३ मध्ये युरोपात फियाटचं १.३ मल्टिजेट आलं, चेनवालं. पुढे ते आपल्याकडे मानेसरला सुझुकीने आणि पुण्याजवळ रांजणगावला फियाटने बनवलं, आणि स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत बसलं की लोक गमतीने त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला लागले. २००८ मध्ये मारुतीचं के-सीरिज आलं, तेही चेनवालं. ह्युंदाईची पहिली सँट्रो बेल्टवाली, तर २००८ च्या आय१० मधलं कप्पा इंजिन चेनवालं. पहिल्या डिझेल इनोव्हाला बेल्ट होता आणि डॅशबोर्डवर त्यासाठी खास 'टी-बेल्ट' असा दिवा. हा दिवा म्हणजे निव्वळ क्रॉन जॉब. बेल्ट कसा आहे हे त्याला काहीच कळत नाही, फक्त किलोमीटर मोजून पेटतो. तरी मला तो फार आवडतो, कारण गप्प बसणाऱ्या भागाला त्याने तोंड दिलं. २०१६ च्या क्रिस्टात चेन आली आणि दिवा गेला.

सेल्समन लोकांनी मग नवा मंत्र धरला: "सर, चेन आहे, लाइफटाइम!" इथे जरा थांबा. लाइफटाइम कोणाचा? चेनचा की वॉरंटीचा?

चेन 'ताणली' जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं भोक केसभर झिजतं, आणि अशा शंभरेक केसांची बेरीज होते. समजा चेनच्या ताणाखालच्या बाजूची लांबी ४०० मिलिमीटर आहे आणि झीज झाली अर्धा टक्का, म्हणजे २ मिलिमीटर. कॅमच्या चक्राचा घेर ३४० मिलिमीटर धरला तर कॅम साधारण २ अंश मागे पडला. क्रँकच्या हिशोबात ४ अंश. मायलेज घसरतं, पिकअप मंदावतो, आणि क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचा मेळ बसेना की कॉम्प्युटर पी००१६ हा एरर कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावतो. त्याच्या आधी बहुधा सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, कारण टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब यायला वेळ लागतो. स्प्लेंडरवाल्यांना हे जन्मापासून माहीत आहे, "टायमिंग चेन वाजतीये" हे वाक्य गावोगावच्या गॅरेजात रोज ऐकू येतं. चेनचं आयुष्य म्हणजे ऑइलचं आयुष्य. घाण, काजळीने काळं झालेलं ऑइल त्या पिनांमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करतं. ऑइल बदलायला पाच-सात हजार किलोमीटर उशीर करणारा माणूस बेल्टच्या इंजिनात एक वेळ निभावून जाईल, चेनच्या इंजिनात तो हप्त्याहप्त्याने चेन विकत घेत असतो.

आणि चेन गेली तर खर्च बेल्टच्या कितीतरी पट, कारण ती इंजिनाच्या आत असते. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल, २००७ चं. यात चेन पुढे नव्हे तर मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती झिजायची, कधी तुटायची, आणि ती बदलायची तर आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवा. फोक्सवॅगनच्या जुन्या १.४ टीएसआयनेही युरोपात चेनपायी बऱ्याच लोकांना रडवलं. म्हणून त्यांनी २०१२ मध्ये नवी इंजिनं काढली तेव्हा चेन काढून परत बेल्ट घातला! आज चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि कुशाकच्या टीएसआय इंजिनांत बेल्टच आहे. म्हणजे चेन नवी आणि बेल्ट जुनाट, असा जो समज आपल्याकडे झालाय त्यात दम नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट निघाला. काही इंजिनिअरांना वाटलं, बेल्टचा शांतपणा आणि चेनचं दीर्घायुष्य दोन्ही एकत्र का नको? बेल्टच ऑइलमध्ये बुडवून फिरवू. फोर्डचं १.० इकोबूस्ट २०१२ ला आलं, २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं 'इंजिन ऑफ द इयर'. बेल्टची मुदत दहा वर्षं किंवा दीड लाख मैल. कागदावर झकास. पण ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, कोणी चुकीच्या ग्रेडचं ऑइल ओततं, कोणी बदलायला उशीर करतं. रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. म्हणजे बेल्ट तुटण्याआधीच इंजिन ऑइलविना मरतं. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकचंही तेच झालं, तेही पारितोषिकविजेतं. २०२४ मध्ये स्टेलांटिसला त्यासाठी युरोपात वॉरंटी दहा वर्षं किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली, आणि त्याच्या नव्या पिढीत चेन आली. फोर्डनेही इकोबूस्टच्या पुढच्या आवृत्तीत कॅमसाठी चेन घेतली. पहिल्या इकोस्पोर्टबरोबर २०१३ मध्ये हे इंजिन आपल्याकडेही आलं होतं, तेव्हा जुनी इकोस्पोर्ट स्वस्तात मिळत असेल तर ती पेट्रोल टर्बो आहे का एवढं विचारून घ्या.

मग करायचं काय? आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा (ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं असेल). मागच्या सर्व्हिसच्या तक्त्यात बेल्टची ओळ असेल तर त्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही असतात, आणि वर्षांकडे जास्त लक्ष द्या. लॉकडाऊनमध्ये पार्किंगला उभ्या राहिलेल्या आणि नंतर वर्क फ्रॉम होममुळे कमी चाललेल्या गाड्यांचे किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय थांबलेलं नाही. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर सोबत बदलायचे, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी एकच लागते आणि हजार रुपयांचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही घेऊन जातं. क्रँकचं सील गळत असेल तर आधी ते. आणि काम झाल्यावर मेकॅनिकने किल्ली मारण्याआधी पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला का आणि मार्किंग परत जुळतंय का बघितलं का, ते विचारा. दोन फेरे का, ते आता तुम्हाला माहीत आहे. चेनवाल्यांनी ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर बदलायचं, आणि सकाळची खडखड "थंडीमुळे असेल" म्हणून सोडून द्यायची नाही.

सेकंड हँड गाडी बघताना इंजिनच्या बाजूचं प्लास्टिकचं कव्हर बघा. चांगले मेकॅनिक तिथे मार्करने बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात किंवा स्टिकर लावतात. नसेल तर बिल मागा, आणि त्यावर बेल्ट, टेन्शनर असे पार्ट वेगवेगळे लिहिलेत का बघा, नुसतं 'जनरल सर्व्हिस' नको. तेही नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून चाला, कितीही गोड बोलणारा मालक असो. किटचे आणि मजुरीचे पैसे आधी गॅरेजात विचारून ठेवा आणि किमतीतून तेवढे वजा करून मागा. विकणारा बहुतेक वेळा फारशी घासाघीस न करता कबूल होतो.